जीभ मिठाला भुलते: गोठ्यातली चाटण वीट कशी करावी, कशी लावावी

म्हैस भिंतीचा गिलावा चाटायला लागली, दुसरीच्या अंगावरचा घाम चाटू लागली किंवा मूत प्यायला मान वळवू लागली, की घरातलं कुणीतरी म्हणतं, तिला कॅल्शियम कमी पडलंय. बहुतेक वेळा तिला साधं मीठ कमी पडलेलं असतं.

गवतात, वाढ्यात (उसाच्या हिरव्या शेंड्यांत), कडब्यात पोटॅशियम भरपूर असतं आणि सोडियम अगदी थोडं. पावसाळ्यात कोवळं, पाणीदार गवत पोटात गेलं की तूट आणखी वाढते. म्हणून चरणाऱ्या प्रत्येक प्राण्याची जीभ मिठाकडे ओढ घेते. दाजीपूरचा गवा असो, सांबर असो, भेकर असो की दावणीची मुऱ्हा म्हैस, ओढ तीच. अमेरिकेत शिकारी हरणांच्या वाटेवर मिठाच्या विटा ठेवतात. पाकिटावर शिंगं वाढतील म्हणून खनिजांची लांबलचक यादी छापलेली असते, पण हरिण येतं ते त्यातल्या मिठासाठी. बाकीचं सगळं मिठाच्या पाठीवर बसून पोटात जातं.

चाटण विटेचं, म्हणजे जनावराने चाटावी म्हणून टांगलेल्या मीठ-खनिजांच्या विटेचं, तत्त्वही हेच, आणि तिची मर्यादाही हीच. मिठाची भूक जनावराला जन्मजात असते. कॅल्शियम, तांबं, जस्त, कोबाल्ट यांची तशी नसते. म्हणून "जनावराला जे कमी असेल ते ते चाटून घेतं" हे विक्रेत्याचं वाक्य मिठापुरतं खरं धरावं.

हिशेब करून बघितला की मुद्दा पटतो. म्हशीच्या एक लिटर दुधात साधारण 1.8 ग्रॅम कॅल्शियम जातं. आठ लिटरची म्हैस रोज 14 ते 15 ग्रॅम नुसतं बादलीत टाकते. खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं, म्हणजे फक्त दुधापोटी 30 ग्रॅम तरी पोटात जायला हवं. आता खाली दिलेल्या मापाची वीट ती रोज 40 ग्रॅम चाटते असं धरू. त्यात मीठ 20 ग्रॅम आणि खनिज मिश्रण 8 ग्रॅम. त्या 8 ग्रॅममध्ये कॅल्शियम दीड-पावणेदोन ग्रॅम. पंधरा ग्रॅम जातं तिथे दीड ग्रॅम येऊन काय होणार?

तेव्हा गोठ्याची वाटणी सरळ करून टाकायची. मीठ विटेतून, खनिज मिश्रण आंबोणातून (भिजवलेल्या भुसा-पेंडीच्या खुराकातून). विटेत जे थोडं खनिज आहे तो वरचा नफा.

आंबोणातलं खनिज मिश्रण

दुभत्या म्हशीला किंवा गाईला रोज 100 ग्रॅम, दूध फार असेल तर त्याहून थोडं जास्त. गाभण, भाकड आणि वाढत्या जनावराला 50 ग्रॅम, वासरा-रेडकाला 20 ते 25 ग्रॅम. ही मापं मीठ नसलेल्या मिश्रणाची आहेत. पुडीवर मीठ घातलेलं आहे का ते आधी वाचावं, कारण मीठ असलेल्यात बाकीचं तेवढंच कमी भरतं. पुडीवर फॉस्फरसचा आकडा शोधावा. 9 ते 12 टक्के असेल तर माल बरा. फॉस्फरस हाच महाग घटक असतो, त्यामुळे स्वस्त पुडीत तोच घसरतो आणि त्याची जागा चुनखडी घेते.

घरच्या घरी एक चाचणी करता येते. चमचाभर मिश्रण बशीत घेऊन त्यावर लिंबू पिळा. थोडं फसफसणं चालतं. सोडा वॉटरसारखा फेस आला तर त्यात चुनखडीच जास्त आहे. पाण्यात ढवळून "खाली माती बसली" म्हणून पुडी परत करणारे मात्र चुकतात. मिश्रणात फॉस्फरससाठी असलेलं चांगलं डायकॅल्शियम फॉस्फेटही पाण्यात विरघळत नाही, ते तळाशी बसणारच.

मिश्रण कालवतानाही लोक घाई करतात. पुडी सरळ भिजलेल्या आंबोणावर शिंपडली की ती वरच्या थरात बसते, जनावर फुंकर मारतं आणि निम्मी गव्हाणीबाहेर जाते. आधी मूठभर कोरड्या भुशात चोळावं, मग तो भुसा सरकी आणि गोळी पेंडीत मिसळावा, पाणी शेवटी. दोन्ही धारांच्या वेळी निम्मं-निम्मं घालावं. पाण्याच्या हौदात टाकू नये, ते तळाशी जमतं आणि दावणीच्या टोकाची म्हैस तेवढी खाते.

कोल्हापूरकडे एक जादा भानगड आहे, ती म्हणजे वाढं. गळीत हंगाम सुरू झाला की पेंढ्या स्वस्त होतात आणि गोठा चार-पाच महिने वाढ्यावर चालतो. वाढ्यात ऑक्झॅलेट असतं. ते चाऱ्यातल्या कॅल्शियमला धरून बसतं आणि शेणावाटे बाहेर नेतं. भाताच्या पिंजरातही तेच, नेपियरसारख्या संकरित गवतातही थोडंफार. म्हणून वाढं चालू असताना खनिज मिश्रण बंद ठेवून "सध्या हिरवा चारा आहे की" म्हणणं सगळ्यात महागात पडतं. त्याची वसुली उन्हाळ्यात होते: म्हैस माजावर येत नाही, आली तर मुका माज असतो, रेडा दाखवला तरी उलटते, म्हणजे गाभ धरत नाही. वाढं चाऱ्याच्या निम्म्यावर जाऊ देऊ नये. उरलेलं मका, कडबा, डाळवर्गीय चारा यांतून भरून काढावं.

व्यायला आलेल्या जनावराचं गणित उलटं असतं. शेवटच्या तीन आठवड्यांत कॅल्शियमचा मारा करू नये. बाहेरून भरपूर मिळालं की हाडातून कॅल्शियम काढायची शरीराची सवय मंदावते. व्याल्यावर दूध एकदम उतरतं, रक्तातलं कॅल्शियम खाली येतं आणि जनावर मान पोटाकडे वळवून बसून राहतं. तो दुग्धज्वर. अशा वेळी वीट, पुडी यांत वेळ घालवायचा नाही, डॉक्टरला बोलवायचं. व्याल्यानंतर म्हशीची लघवी कॉफीसारखी लाल झाली तरी तेच. तिथे बहुधा फॉस्फरस तळाला गेलेला असतो, आणि हाडं चघळायला देऊन तो भरत नाही. रानात पडलेलं हाड चघळणं तर बोटुलिझमला, म्हणजे कुजक्या हाडा-मांसातल्या विषाने होणाऱ्या लकव्याला, आमंत्रण.

वीट घरी करायची तर

बाजारातली दोन-तीन किलोची वीट चांगली असते. घरी करण्याचा फायदा एवढाच की आत काय गेलं ते माहीत असतं आणि दहा-बारा जनावरं असतील तर पैसे वाचतात. दोन म्हशींसाठी हा खटाटोप करू नये.

दहा किलोच्या घाण्याचं माप: जाडं मीठ 5 किलो, मीठ नसलेलं खनिज मिश्रण 2 किलो, सिमेंट 1 किलो 200 ग्रॅम, गव्हाचा बारीक कोंडा 1 किलो, काकवी 800 ग्रॅम. पाणी साधारण 400 मिली, आणि हातात आणखी अर्धी वाटी. सिमेंट इथे फक्त बांधण्यासाठी असतं. रोजच्या 40-50 ग्रॅम चाटण्यात ते पाच-सहा ग्रॅम पोटात जातं, त्याने काही होत नाही.

मीठ कोणतं? शिरोड्याकडच्या मिठागरातलं जाडं मीठ चालतं, आयोडीनचंही चालतं. खडा मात्र मोठा नको. वरवंट्याने किंवा गिरणीत रव्याएवढं जाड करून घ्यावं. गहूएवढे खडे राहिले तर वीट तिथूनच फुटते. मीठ दोन दिवस उन्हात वाळवलेलं हवं. कच्च्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइड असतं, ते हवेतलं पाणी लवकर ओढतं आणि विटेला घाम फुटतो.

काकवीऐवजी पुष्कळ ठिकाणी साखर कारखान्याची पातळ मळी (मोलॅसिस) सांगतात. मळीवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, कॅनमधून घरी आणायची ती वस्तू नव्हे. आपल्याकडे गुऱ्हाळं असताना तिची गरजही नाही. काळा, विकायला न जाणारा गूळ थोड्या पाण्यात विरघळवला तरी काम होतं. प्रमाण मात्र वाढवू नका. जनावर आवडीने चाटेल म्हणून दोन किलो काकवी ओतणारे दुसऱ्या दिवशी साचा उलटतात तेव्हा हातात लापशी येते. साखर सिमेंटला घट्ट होऊ देत नाही. गवंड्याला विचारा, काँक्रीटमध्ये मूठभर साखर पडली तर काय होतं. शिवाय वीट गोड झाली की मुंगळे आधी येतात.

युरिया घातलेल्या विटेची कृती इथे मुद्दाम दिलेली नाही. युरिया-मळी-खनिज वीट चांगली असते, पण ती कारखान्यात तयार झालेली, नीट घट्ट झालेली असावी. घरची मऊ राहिली तर म्हैस ती चाटत नाही, चावून खाते, आणि युरियाची विषबाधा तासाभरात होते. सहा महिन्यांखालच्या वासराला आणि घोड्याला तर ती वीट दाखवूच नये.

आता हात. आधी मीठ, खनिज मिश्रण आणि कोंडा घमेल्यात कोरडं कालवून घ्या, रंग सगळीकडे एकसारखा दिसेपर्यंत. काकवी बोट बुडवता येईल इतकी कोमट करा. उकळती नको, कोंडा शिजून चिकट होतो. ती कोरड्या मिश्रणावर ओतून दोन्ही हातांनी चोळा, लाडूसाठी बेसन तुपात चोळतात तसं. सिमेंट वेगळ्या भांड्यात पाण्यात कालवून पातळ पिठासारखं करा आणि सगळ्यात शेवटी घाला. हातात रबरी मोजे हवेत. ओलं सिमेंट आणि मीठ मिळून बोटांच्या चिरा पेटवतात.

माप बरोबर झालं का हे मुठीत कळतं. मूठभर घेऊन घट्ट दाबा. गोळा टिकला पाहिजे आणि तळहात ओला होता कामा नये. तोच गोळा गुडघ्याएवढ्या उंचीवरून जमिनीवर सोडा. दोन-तीन तुकडे झाले तर ठीक. भुगा झाला तर दोन चमचे पाणी, चपटा होऊन बसला तर मूठभर कोंडा.

साचा म्हणून दोन लिटरची प्लॅस्टिक बादली किंवा रंगाचा रिकामा, स्वच्छ धुतलेला डबा घ्या. गुऱ्हाळावर ढेप काढायला बादलीत ओलं कापड घालतात, तसं जुन्या धोतराचं फडकं आत घालायचं. त्यामुळे वीट न तुटता निघते. मधोमध पाऊण इंची पीव्हीसी पाइपचा तुकडा तेल लावून उभा धरा. मिश्रण तीन थरांत भरा आणि प्रत्येक थर मुसळाने ठोका. एकदम भरून वरून दाबलं तर वरचे दोन इंच दगड होतात आणि खालचं भुसभुशीत राहतं. पुढे ती वीट कमरेत तुटते.

पाइप दुसऱ्या दिवशी गोल फिरवत काढा, ओढून नव्हे. वीट दीड दिवसाने बाहेर काढून सावलीत, वारा लागेल अशा जागी दहा-बारा दिवस ठेवा आणि रोज कूस बदला. उन्हात ठेवली तर वरची साल आधी वाळते आणि मध्ये भेग जाते. तयार झाली का ते अंगठ्याच्या नखाने बघायचं. जोर लावून पांढरा ओरखडा उमटला तर लावायला हरकत नाही. नख रुतलं तर आणखी चार दिवस. दहा किलोच्या घाण्यातून दोन-दोन किलोच्या पाच विटा निघतात.

मोरचूद "तांब्यासाठी" चिमूटभर घालायचा सल्ला कुठे मिळाला तर ऐकू नका. तांबं खनिज मिश्रणात आहेच, आणि हातातली चिमूट सगळ्या विटेत सारखी पसरत नाही. मेंढ्या असतील त्यांनी तर ही गुरांची वीटही मेंढ्यांपुढे टांगू नये. मेंढीला गुरांएवढं तांबं सोसत नाही. ते यकृतात साठत जातं आणि जनावर एक दिवस अचानक आडवं होतं.

टांगणं आणि मोजणं

वीट जनावराच्या नाकासमोर, जमिनीपासून अडीच फुटांवर, गव्हाणीच्या कडेला नायलॉनच्या दोरीने टांगा. खाली वॉशर किंवा लाकडाची चकती घालून गाठ मारा, नाहीतर भोक मोठं झालं की वीट निसटून शेणात पडते. गव्हाणीत सुटी ठेवू नका. आंबोणाचं पाणी लागून ती विरघळते आणि मग म्हैस किती खाते याचा पत्ता लागत नाही. पाणी कायम समोर हवं. मीठ भरपूर आणि पाणी दोन वेळाच, यातून मिठाची विषबाधा होते.

मिठाला बरेच महिने मुकलेल्या जनावरापुढे पहिल्या दिवशीच वीट दिवसभर टांगू नये, ते तुटून पडतं. पहिला आठवडा आंबोणात 20-30 ग्रॅम मीठ द्यावं, मग वीट सकाळी तासभर, मग कायम.

दर रविवारी वीट ताणकाट्यावर टांगून वजन वहीत लिहा. मोठ्या जनावराचं चाटणं रोज 30 ते 60 ग्रॅमच्या दरम्यान बसलं पाहिजे. 60 धरलं तरी दोन किलोची वीट महिनाभर टिकते. पंधरा दिवसांत संपली तर एक तर वीट मऊ आहे, नाहीतर जनावर दातांनी कुरतडतंय. कडेवर दातांचे चर दिसतात, चाटलेली बाजू मात्र काचेसारखी गुळगुळीत असते. रोजचे 10 ग्रॅमही जात नसतील तर वीट फार टणक आहे किंवा मीठ दुसरीकडून मिळतंय. शिरोळकडच्या क्षारपड पट्ट्यात बोअरचं पाणीच मचूळ असतं. तिथली जनावरं विटेकडे ढुंकून बघत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. तिथे विटेवर खर्च न करता खनिज मिश्रण तेवढं चालू ठेवावं.

गगनबावडा, राधानगरी, आजरा या बाजूला प्रश्न पावसाचा. हवेतली आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ आपोआप पाणी ओढतं, आणि जून ते सप्टेंबर तिथली हवा त्याच्या खाली क्वचितच उतरते. वीट चुलीच्या किंवा चौकटीच्या कोरड्या बाजूला टांगावी, रात्री प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावी. या चार महिन्यांत अर्ध्या आकाराच्या विटा कराव्यात, लवकर संपतात आणि वाया कमी जातात. सैंधवाचा खडा पावसात जास्त टिकतो, पण तो जवळजवळ सगळा मीठच. गुलाबी रंग लोहाच्या किंचित अंशाचा. त्यातून फॉस्फरस मिळेल ही आशा नको.

नवीन आणलेल्या जनावराची वीट तीन आठवडे वेगळी. लाळ्या खुरकूत लाळेतून पसरतो आणि एकाच विटेवर दहा जिभा फिरत असतात.

विटेने दुधाची फॅट वाढेल का, हा प्रश्न हमखास येतो. मिठाने चारा जास्त खाल्ला जातो, रवंथ नीट होते, तेवढा फरक पडतो. फॅट मुळात कडब्या-पिंजराच्या धाग्यावर आणि जनावराच्या जातीवर असते. विटेने अर्धा पॉइंट वाढल्याचं कुणी सांगितलं तर त्याने त्याच आठवड्यात दुसरं काय बदललं ते विचारा.

जंगलाकडेच्या गावांसाठी

कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून काळवीट धरायची रीत होती. तो काळ गेला. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि त्या कायद्याच्या व्याख्येत आमिष दाखवणं हीसुद्धा शिकारच. सांबर किंवा भेकर यावं म्हणून बांधावर मीठ ठेवलं, तर बंदूक हातात नसतानाही गुन्हा होतो.

हेतू नसताना होणारी चूक वेगळी. राधानगरी अभयारण्याच्या कडेला चरायला सोडलेल्या गुरांसाठी पाणवठ्याजवळ वीट टांगली जाते आणि रात्री गवा तिच्यावर येतो. लाळ्या खुरकूत गुरांकडून गव्याला होतो. आणि एकदा मिठाची जागा कळली की कळप पुन्हा पुन्हा त्याच वाटेने येतो, मध्ये ऊस असला तरी. अमेरिकेतल्या काही राज्यांनी हरणांसाठी मीठ ठेवायला बंदी घातली तीही रोगामुळेच. एका जागी सगळी तोंडं घालतात, आणि हरणांमधला एक जीवघेणा रोग लाळेवाटे त्या मातीत उतरतो. तेव्हा वीट गोठ्याच्या आत, छपराखाली, आणि रानात अजिबात नाही. गोठा जंगलाला लागून असेल तर रात्री वीट उतरवून घरात घ्यावी, आणि खाली पडलेला खारट चुरा झाडून आत घ्यावा. जमिनीत मुरला की ती माती चाटायला पुढचे कित्येक महिने कुणीतरी येत राहतं.

वीट झिजून मुठीएवढी झाली की दोरीवर राहत नाही. तो तुकडा तसाच पुढे टाकू नये, घशात अडकतो. खलबत्त्यात कुटून त्याच जनावराच्या आंबोणात रोज 30-40 ग्रॅम घालून संपवावा, आणि आंबोणात वेगळं मीठ घालत असाल तर तेवढे दिवस ते बंद.